बंद शाळेची सनद : बीड जिल्ह्यातील लोकशाळा आणि शासनाची मान्यता

गावातील शाळा बंद झाली असता ती पुन्हा उघडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणखात्याच्या दैनंदिन कारभाराचा वाटतो. वस्तुतः तो राज्यसंस्था आणि ग्रामसमाज यांच्यातील संबंधाचा प्रश्न आहे. बीड जिल्ह्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात तो दोन वेळा विशेष तीव्रतेने पुढे आला. पहिल्याने १९२४ च्या सुमारास, हैदराबाद संस्थानात खासगी शाळांवर निर्बंध आले तेव्हा. आणि दुसऱ्याने २०१७ च्या अखेरीस, महाराष्ट्र शासनाने अल्प पटाच्या शाळा लगतच्या शाळांत मिळवून घेण्याचे ठरविले तेव्हा. या दोन प्रसंगांतील राज्ये निराळी, हेतू निराळे आणि कायदेही निराळे होते. तथापि, दोन्ही प्रसंगी गावकऱ्यांपुढील अडचण एकाच जागी होती. मुले होती, जागा होती किंवा मिळविता येण्याजोगी होती, शिकविणारा माणूसही शोधून सापडला असता. नव्हती ती मान्यता. या मान्यतेचा जिल्ह्यातील इतिहास तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

(१) पंतोजीची शाळा आणि तिचा आधार

एकोणिसाव्या शतकात मराठवाड्यातील खेड्यांत शिक्षण होते ते पंतोजीच्या शाळेचे. ती एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर, मारुतीच्या देवळात किंवा चावडीशेजारी भरे. धुळाक्षरे, पाढे, उजळणी, हिशेब आणि मोडी वाचन एवढा तिचा अभ्यासक्रम. पंतोजीचे वेतन रोकडीत थोडे आणि धान्यात अधिक. सणावाराचा शिधा व सुगीचे दाणे यांवर त्याचा निर्वाह चाले. शाळेला नाव नसे, दप्तर नसे आणि परवानाही नसे. पंतोजी गाव सोडून गेला की शाळा बंद पडे; दुसरा आला की पुन्हा भरे. म्हणजे शाळा उघडणे आणि मिटणे या दोन्ही गोष्टी सर्वस्वी गावाच्या हातच्या होत्या.

सनद हा शब्द या मुलखाला परका नव्हता. देवस्थानास, मठास, शास्त्र्यास वा मशिदीच्या इमामास राज्याने उत्पन्न लावून द्यावयाचे ते सनदेने. सनदेत तीन गोष्टी असत : कोणास दिले, कशासाठी दिले आणि कोणत्या अटीवर दिले. अट मोडली तर उत्पन्न जप्त होई. अट पाळली तर राज्याचा अधिकारी रोजच्या कारभारात हात घालीत नसे. खेड्यातील पंतोजीला मात्र अशी सनद क्वचितच लाभली. त्याची शाळा स्वतंत्र होती याचे कारण राज्याला तिचे सोयरसुतक नव्हते.

या शाळेविषयी कृतज्ञतेने लिहिण्याची रीत आहे. परंतु तिची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. ओसरीवरच्या शाळेत ओसरीचे नियम चालत. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तेथे प्रवेश नव्हता, मुलींना जवळजवळ नव्हता आणि कष्टकरी कुणब्याच्या मुलाचा शेतकाम सोडून तेथे फार काळ टिकाव लागत नसे. गावाची शाळा म्हणजे गावातील सर्वांची शाळा नव्हे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येत असता तिच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, याकडे लक्ष वेधले होते. ते निवेदन ब्रिटिश मुलखासंबंधी होते. निजामाच्या मुलखात त्याचा प्रत्यक्ष परिणाम होण्याचे कारण नव्हते. परंतु लोकांची शाळा की राज्याची शाळा, या वादात 'लोक' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न त्याने कायमचा उभा केला. पुढील सर्व विवेचनात तो लक्षात ठेवावा लागतो.

(२) परवानगीचा नियम

हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना होऊन उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू ठरले. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा प्रयोग त्या काळी मोठ्या धाडसाचा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी होती. त्यामुळे ज्या भाषेने विद्यापीठ भारतीय झाले, तीच भाषा बीडच्या खेड्यातील मुलाला परकी राहिली. प्राथमिक इयत्तांत मातृभाषेला स्थान होते. पुढे मात्र उर्दूवाचून वाट नव्हती.

ही कोंडी फोडण्यासाठी संस्थानाच्या निरनिराळ्या भागांत लोकांनी वर्गणीतून शाळा काढल्या. १९०७ मधील हैदराबादची विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय ही त्यांतील आरंभीची ठळक उदाहरणे होत. औरंगाबादेस सरस्वती भुवन उभे राहिले. मोठ्या गावांतील या शाळांखेरीज खेडोपाडी लहान खासगी शाळांचे जाळे होतेच.

१९२४ च्या सुमारास शिक्षणखात्याने खासगी शाळांसंबंधी नियम केले. पूर्वपरवानगीवाचून खासगी शाळा उघडता येणार नाही, असा त्यांचा मुख्य आशय होता. नियमाचे समर्थन शाळांचा दर्जा राखण्याच्या नावाने करण्यात आले. प्रत्यक्षात त्यामागे असहकाराच्या चळवळीनंतरची राजकीय धास्तीही होती, असे स्वातंत्र्यलढ्याच्या बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. परिणामाविषयी मात्र दुमत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासांतून वारंवार दिल्या जाणाऱ्या आकड्यांप्रमाणे संस्थानातील खासगी शाळांची संख्या चार हजारांहून अधिक होती, ती अल्पावधीतच हजार-अकराशेच्या घरात आली. ही घट केवळ बंदीने झाली असे नव्हे. पंतोजीच्या शाळेकडे अर्ज लिहिण्याची रीत नव्हती, हजेरीपुस्तक नव्हते, इमारतीचा नकाशा नव्हता आणि खात्यातील अधिकाऱ्याशी बोलण्याची भाषाही नव्हती. ज्या शाळेला कागद नव्हता ती शाळा या नियमाने नाहीशी झाली.

येथे एक महत्त्वाचा बदल घडून आला. पूर्वी शाळा बंद पडण्याचे कारण पंतोजीचे जाणे किंवा दुष्काळ हे असे. आता ते परवानगी नसणे हे झाले. पूर्वी गावाने मनावर घेतले की शाळा पुन्हा भरत असे. आता गावाचे मन पुरेसे राहिले नाही.

(३) हिप्परगा आणि अंबाजोगाई

या परिस्थितीत लोकांनी कोणते मार्ग काढले, हे पाहण्यासाठी बीड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील प्रदेशाकडे वळावे लागते. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. तिची प्रेरणा असहकाराच्या काळातील राष्ट्रीय शिक्षणाची होती. मान्यतेसाठी सरकारी साच्यात बसण्यापेक्षा तिच्यावाचून चालविण्याचा हा मार्ग होता. १९२९ मध्ये व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे या शाळेत आले. हिप्परग्यास असतानाच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले जाऊ लागले. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे तेथील सहकारी.

हिप्परग्याच्या मार्गाची मर्यादा उघड होती. मान्यतेवाचून चाललेल्या शाळेत मुलगा घडतो, पण परीक्षेच्या दाराशी अडतो. त्याला पुढे शिकावयाचे तर संस्थानाबाहेर जावे लागते, आणि तसे जाण्याची ऐपत थोड्यांचीच असते. ध्येयवादी शिक्षकाला मान्यतेची पर्वा नसली तरी पालकाला ती असते. कारण शाळा सोडल्यानंतरच्या आयुष्याची चिंता त्याला वाहावयाची असते.

१९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. अंबाजोगाई हे त्या काळी सरकारी दप्तरात मोमिनाबाद या नावाने नोंदलेले, बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी असे. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने हे स्थान सामान्य नव्हे. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी म्हणून प्रसिद्ध असलेले ठिकाण येथे आहे आणि दासोपंतांसारख्या विपुल लेखन करणाऱ्या कवीचे वास्तव्य येथेच होते. अशा गावात मराठी मुलांना मराठीतून माध्यमिक शिक्षण मिळविण्यासाठी झटावे लागावे, यातच त्या काळाची सारी विपरीतता दिसून येते.

योगेश्वरीचा मार्ग हिप्परग्याहून वेगळा होता. गावातील व आसपासच्या लोकांनी वर्गणीने चालविलेली, तरीही खात्याच्या नजरेखाली राहून टिकावयाची अशी ही शाळा होती. शाळा चालवीत राहणे हीच येथे एक राजकीय कृती ठरली. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्यात शिक्षणाचा प्रश्न नागरी हक्कांच्या प्रश्नापासून वेगळा राहणे शक्य नव्हते. १९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उडी घेतली. सभाबंदी, संघटनाबंदी आणि शाळाबंदी ही एकाच परवानगीच्या राज्याची तीन अंगे आहेत, हे तोपर्यंत स्पष्ट झाले होते. पुढे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बीडमधून लोकसभेवर परांजपे निवडून गेले. शाळामास्तराचा जिल्ह्यातील लोकांशी किती दृढ संबंध होता, याची ही एक खूण मानता येईल.

(४) सीमेपलीकडील व्यवस्था

याच काळात बीडच्या पश्चिम सीमेपलीकडे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यापासून मुंबई इलाख्यात निराळी व्यवस्था होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून तेथे अनुदानाचे तत्त्व रुजले होते. संस्था खासगी असावी, तिने ठराविक अटी पाळाव्यात आणि सरकारने खर्चाचा वाटा उचलावा, असे त्याचे स्वरूप होते. आष्टी तालुक्यातील गावकऱ्याला मान्यता म्हणजे अडथळा वाटावा आणि पलीकडील गावकऱ्याला तीच मदतीची पहिली पायरी वाटावी, हा केवळ सरहद्दीचा परिणाम होता.

या तत्त्वाचा सर्वांत दूरगामी उपयोग कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केला. १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने १९३७ नंतरच्या लोकप्रिय मंत्रिमंडळाच्या काळात सातारा भागातील शाळा नसलेल्या खेड्यांतून शेकडो 'व्हॉलंटरी' शाळा उघडल्या. गावाने जागा द्यावी, संस्थेने शिक्षक द्यावा आणि सरकारने अनुदान द्यावे, अशी ही त्रिपक्षीय रचना होती. शिवाय या शाळा व संस्थेची वसतिगृहे सर्व जातींच्या मुलांना खुली होती. ओसरीवरच्या शाळेचा दोष आणि सरकारी शाळेचा अभाव, या दोहोंवर एकाच वेळी उपाय करणारी मराठी मुलखातील ही पहिली मोठी योजना म्हणता येईल. लोकांची शाळा, राज्याचा पैसा आणि लेखी अटी हे सनदेचे तिन्ही घटक तिच्यात होते. बीड जिल्ह्याला ही संधी त्या काळात मिळाली नाही.

(५) शाळा राज्याची होते

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. या पंधरा वर्षांत शाळा ही राज्याने द्यावयाची गोष्ट आहे, ही कल्पना खेड्यात रुजली. गावाने श्रमदान केले, जमीन दिली, खोल्या बांधून दिल्या, आणि मग शाळा परिषदेच्या स्वाधीन केली. ज्या पिढीने परवानगीसाठी हेलपाटे घातले होते, तिला यात मुक्तीच वाटली असल्यास नवल नाही. सरकारी शाळेच्या दारातून जातीच्या नावाने कोणाला परत पाठविता येत नव्हते. हा लाभ कोणत्याही हिशेबात मोठाच होता.

मालकी सोपविताना गावाने कोणताही अधिकार आपल्याकडे राखून ठेवला नाही. तशी गरज कोणाला भासलीही नाही. ज्या राज्याने शाळा दिली तेच ती परत घेईल, अशी शंका त्या काळी कोणाच्या मनात येणे कठीण होते.

याला एक अपवाद पुढे निर्माण झाला, तो वस्तीशाळांचा. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात गाव एका जागी आणि वस्त्या व तांडे दूरदूर विखुरलेले आहेत. अशा ठिकाणच्या मुलांसाठी २००० च्या सुमारास राज्यात वस्तीशाळांची योजना सुरू झाली. त्याच वस्तीतील वा जवळपासच्या शिकलेल्या तरुणाने अल्प मानधनावर शिकवावे, बसावयास जागा वस्तीने द्यावी आणि देखरेख परिषदेने करावी, अशी ती होती. एका अर्थाने पंतोजीच्या शाळेला शासनाने दिलेली ही सनदच होय. पुढे या शाळांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले आणि तेथील शिक्षकांना दीर्घ झगड्यानंतर सेवेत सामावून घेण्यात आले. शिक्षकाच्या दृष्टीने हा न्याय होता. वस्तीच्या दृष्टीने मात्र ज्या शाळेत तिचा काही शब्द चालत होता, तीही आता सर्वस्वी परिषदेची झाली.

(६) पटसंख्येचा नियम

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने शेजारशाळेची कल्पना कायद्यात आणली. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, मात्र त्या वयोगटातील किमान २० मुले उपलब्ध असावीत, असे ठरले. अंतराचा नियम मुलाच्या बाजूने होता. २० चा आकडा खजिन्याच्या बाजूने होता. पुढील सर्व वाद या दोन नियमांच्या ओढाताणीतून निर्माण झाला.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि अनेक शाळांच्या हजेरीपटावर खोटी नावे असल्याचे उघडकीस आले. तेव्हापासून पटाच्या आकड्याकडे संशयाने पाहण्याची वृत्ती खात्यात बळावली. डिसेंबर २०१७ मध्ये दहा वा त्यांहून कमी पट असलेल्या १,३१४ शाळा लगतच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२३ मध्ये २० वा त्यांहून कमी पटाच्या १४,७८३ शाळांची गणना होऊन समूहशाळेची कल्पना पुढे आली. त्या शाळांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. तोरणमाळ व पानशेत येथील प्रयोग यासाठी आदर्श म्हणून दाखविण्यात आले. एका शिक्षकाने चार इयत्तांना एकाच खोलीत शिकवावे यापेक्षा मोठ्या शाळेत पुरेसे शिक्षक, प्रयोगशाळा व क्रीडांगण मिळावे, हा यामागील युक्तिवाद पोकळ नाही. बहुवर्गअध्यापनाचे कष्ट ज्याने पाहिले आहेत, तो त्याची टवाळी करणार नाही.

परंतु बीड जिल्ह्यात पट हा आकडा इतरांहून निराळ्या रीतीने वाचावा लागतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे २५ लाख ८५ हजार लोकवस्तीच्या या जिल्ह्यातून दरवर्षी लाखोंच्या संख्येने मजूर ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतील डोंगरी गावे दसरा-दिवाळीनंतर अर्धी रिकामी होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा भरतात. नवरा-बायकोच्या जोडीस एक 'कोयता' म्हणतात. मूल त्या कोयत्याच्या मागे फडावर जाते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि कारखान्याचा हंगाम ते मधोमध तोडतो. शिक्षकांची संख्या ठरविणारी पटाची मोजणी सप्टेंबरअखेर होते, तेव्हा मुले वर्गात असतात; चार-सहा आठवड्यांनी तोच वर्ग ओस पडतो. असे दोन-तीन हंगाम गेले की ते नाव पटावरूनही उतरते. म्हणजे मुले नाहीत म्हणून पट कमी, असे नसून, मुलांचे वर्ष आणि शाळेचे वर्ष एकमेकांशी जुळत नाही म्हणून पट कमी, ही येथील वस्तुस्थिती आहे. अशा वस्तीतील शाळा उठविली तर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबास मूल गावात ठेवण्याचे उरलेसुरले कारणही नाहीसे होते. शाळा दोन किलोमीटर दूर गेली की पावसाळ्यात ओढा आडवा येतो, आणि मुलगी असल्यास शाळेपूर्वी घरच्यांचा धीर सुटतो.

याच जिल्ह्यात या अडचणीवरचा एक उपायही आढळतो. तो हंगामी वसतिगृहांचा. आईबाप फडावर गेले तरी मुलाने गावातच राहून शाळा शिकावी, म्हणून हंगामापुरती जेवणाची व राहण्याची सोय करावयाची आणि तिचा कारभार शाळा व्यवस्थापन समितीने पाहावयाचा, अशी ही योजना आहे. तिच्या अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, हे खरे. परंतु सरकारी पैसा खर्च करण्याची जबाबदारी पालकांच्या समितीवर टाकता येते, हे तत्त्व त्या योजनेने मान्य केले आहे.

(७) पालकांच्या हाती काय आहे?

शाळा बंद झाल्यावर पालकांनी ती पुन्हा उघडण्याचे ठरविले, तर कायद्यात त्यांना तीन वाटा दिसतात. पहिली वाट शाळा व्यवस्थापन समितीची. २००९ च्या अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे या समितीचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असावयाच्या. समिती शाळेवर देखरेख करते, विकास आराखडा तयार करते, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवते. परंतु समिती ही शाळेची असते. शाळा मिटली की तिची समितीही मिटते. ज्या क्षणी पालकांना आपल्या कायदेशीर संघटनेची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच क्षणी ती संपुष्टात येते.

दुसरी वाट स्वतःच्या बळावर शाळा भरविण्याची, म्हणजे पंतोजीची व हिप्परग्याची. कलम १८ ने ती बंद केली आहे. मान्यतेवाचून शाळा चालविल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही चालू ठेवल्यास प्रतिदिनी १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शहरातील नफेखोर शाळांना आळा घालण्यासाठी हे कलम आवश्यक होते. पण त्याची धार तांड्यावरच्या झाडाखालील वर्गालाही तितकीच लागते.

तिसरी वाट महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२ ची. नोंदणीकृत न्यास वा संस्था यांना या कायद्याखाली शाळा काढता येते; डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे अल्प पटाच्या शाळांचा निर्णय झाला त्याच महिन्यात, ही मुभा कंपन्यांनाही देणारी दुरुस्ती विधिमंडळात संमत झाली. अशा शाळेस शासनाचे अनुदान नाही. जागा, इमारत, ठेव आणि पगार यांचा भार फीवर पडतो. ज्या गावातून आईबाप उचल घेऊन ऊस तोडण्यास जातात, त्या गावाला ही वाट उघडी असून नसल्यासारखी आहे. सप्टेंबर २०२३ च्या दत्तकशाळा योजनेत देणगीदाराला पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळेचे पालकत्व घेता येते आणि आपले नाव शाळेच्या नावास जोडता येते. पण तीही चालू शाळेसाठी आणि ऐपतदारासाठी आहे. पालकांना पालकत्व देण्याची तरतूद मात्र कोठेच दिसत नाही.

परदेशात ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये कायदा करून सनदी शाळांची पद्धत सुरू केली आणि पहिली अशी शाळा १९९२ मध्ये सेंट पॉल येथे भरली. पालकांच्या वा शिक्षकांच्या गटाने लेखी करार करावा, शाळा फीवाचून सर्वांना खुली ठेवावी, सरकारने मुलामागे खर्च द्यावा आणि कराराची मुदत संपल्यावर फळ पाहून तो पुढे चालवावा वा मोडावा, अशी मूळ कल्पना होती. पुढे अनेक शहरांत मोठ्या संस्थांनीच अशा सनदा हस्तगत केल्या आणि शेजारशाळा बंद होण्याचे ते एक कारण ठरले, असा आक्षेप घेतला जातो. शिकागो शहराने २०१३ मध्ये सुमारे ५० शाळा बंद केल्या. त्याच शहरातील डायेट ही माध्यमिक शाळा २०१५ मध्ये बंद झाली, तेव्हा पालक व रहिवासी अशा बारा जणांनी ३४ दिवस उपोषण केले. त्यांची मागणी शाळा एखाद्या बाहेरच्या संचालकाला देण्याची नव्हती. ती सार्वजनिक, सर्वांना खुली आणि वस्तीने आखलेल्या योजनेप्रमाणे चालावी, अशी होती. २०१६ मध्ये शाळा पुन्हा उघडली, ती सरकारी कलाशाळा म्हणून. वस्तीची योजना मात्र तशीच्या तशी स्वीकारली गेली नाही. या उदाहरणावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. सनद असली म्हणजे ती पालकांच्याच हाती पडेल, अशी खात्री नाही. आणि सनद नसताही बंद शाळा उघडता येते, परंतु त्यासाठी माणसांना उपाशी बसावे लागते.

(८) उपसंहार

वरील विवेचनावरून बीड जिल्ह्यातील लोकशाळेच्या इतिहासाचे तीन टप्पे स्पष्ट होतात. पहिल्या टप्प्यात शाळा गावाची होती, पण सर्व गावाची नव्हती. दुसऱ्या टप्प्यात राज्याने परवानगीचा नियम करून ती गावाच्या हातून घेतली. त्याविरुद्ध हिप्परगा व अंबाजोगाई येथे दोन निरनिराळ्या रीतींनी झुंज देण्यात आली. तिसऱ्या टप्प्यात लोकशाही राज्याने शाळा सर्वांना खुली केली आणि तिचा हक्कही लिहून दिला. परंतु ती मिटविण्याचा अधिकार आपल्याजवळ ठेवून उघडण्याचा अधिकार कोणालाच दिला नाही.

निजामी राजवटीतील निर्बंध आणि आजचा कायदा यांना एकाच तागडीत तोलणे हे इतिहासाला सोडून होईल. एकाचा रोख शिक्षण आवरण्याकडे होता, दुसऱ्याचा ते पसरविण्याकडे आहे. परंतु पालकाच्या बाजूने पाहिले असता दोहोंत एक साम्य उरतेच : मान्यता ही वरून खाली येते, आणि ती काढून घेतली असता खालून वर जाण्याची पायरी नाही. ही पायरी बांधण्यासाठी परदेशी नमुना जसाच्या तसा आणण्याचे कारण नाही. व्हॉलंटरी शाळा, वस्तीशाळा आणि हंगामी वसतिगृह या तीन देशी योजनांत तिची सामग्री आधीच पडून आहे : गावाची जागा, राज्याचा पैसा, स्थानिक शिक्षक आणि पालकांच्या समितीचा कारभार. त्यांत भर घालावयाची ती दोन तरतुदींची. शाळा मिटविण्याचा निर्णय झाल्यावरही तिची समिती ठराविक मुदतीपर्यंत जिवंत राहावी. आणि त्या मुदतीत मुलांची प्रत्यक्ष यादी व स्थलांतराचा हंगाम ध्यानात घेणारी योजना समितीने मांडली, तर तिची लेखी कारणांसह दखल घेणे शासनावर बंधनकारक असावे. फी नसावी आणि कोणत्याही मुलास नकार नसावा, या दोन अटी अशा सनदेत पहिल्या ओळीतच असल्या पाहिजेत; कारण ओसरीवरच्या शाळेचा अनुभव या जिल्ह्याने एकदा घेतलेला आहे.

अंबाजोगाईची शाळा टिकली ती गावाने वर्गणी दिली म्हणून आणि खात्याशी चिवटपणे व्यवहार करण्याची बुद्धी तिच्या चालकांजवळ होती म्हणून. डोंगरपट्ट्यातील वस्तीपाशी वर्गणी नाही आणि अर्ज करण्याच्या दिवसांत तिचे निम्मे पालक फडावर असतात. त्यांच्या शाळेचे भवितव्य त्यांच्या चिवटपणावर सोपविणे न्याय्य नाही. त्यासाठी कायद्यातच जागा हवी.